वीस वेळा चंद्र

डेलनी निएमी सलग नवव्या संध्याकाळी घरामागच्या लाकडी धक्क्यावर उभी होती, आणि सलग नवव्या संध्याकाळी वर बघण्यासारखं काही नव्हतं. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. ढग खाडीवर इतके खाली उतरले होते की पलीकडच्या कालवं-शिंपल्यांच्या कारखान्याचा दिवासुद्धा नुसता पिवळा डाग होऊन बसला होता. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली, वेळ लिहिली, सहा वाजून चाळीस मिनिटं, आणि पुढे लिहिलं, 'ढग'. वरच्या आठ ओळींतही तेच होतं. दोन ठिकाणी कंटाळून तिने 'दाट ढग' लिहिलं होतं.

वही चंद्राची होती. बारावीच्या वर्षी शाळेतच बसून कॉलेजचा एखादा विषय घ्यायची सोय होती. वर्ग शाळेचा, शिक्षक शाळेचे, पण पुस्तक, परीक्षा आणि गुण कॉलेजचे. पास झालं की पाच क्रेडिट पदरात. डेलनीला पुढे मत्स्यविद्या शिकायची होती आणि तिथे एक प्रयोगवालं विज्ञान लागणारच होतं. ते इथेच उरकलं तर पहिल्या वर्षी डोक्याला ताप कमी. रसायनशास्त्राच्या बाई उन्हाळ्यात नोकरी सोडून गेल्या, तेव्हा राहिलं एकच, खगोलशास्त्राची ओळख.

वॉशिंग्टन राज्याच्या त्या किनाऱ्यावर वर्षातले दोनशे दिवस पाऊस. अशा गावात खगोलशास्त्र शिकवायची कल्पना कोणाला सुचली, हे तो विषय शिकवणाऱ्या मिस्टर प्रुइटनाही ठाऊक नव्हतं.

"मला विचारू नका," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "मी बेडूक कापायला शिकवणारा माणूस. कॉलेजने मला उन्हाळ्यात आठ दिवस बसवलं आणि कागद दिला. तुमच्याइतकाच मीही नवीन आहे. फक्त एक आठवडा पुढे."

मिस्टर प्रुइट कुस्तीच्या संघाचेही प्रशिक्षक होते. मान जाड, आवाज बारीक. मुलांना ते आवडत, कारण ते येत नसलेलं येतंय असं दाखवत नसत.

चंद्राच्या वहीचा नियम कॉलेजचा होता. पाच आठवड्यांत किमान वीस वेळा स्वतःच्या डोळ्यांनी चंद्र पाहायचा. वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची लिहायची. उंची मोजायची मुठीने. हात सरळ समोर धरून एकावर एक मुठी रचत जायचं, एक मूठ म्हणजे दहा अंश. शेवटी चंद्राचं चित्र. वीसपैकी पंधराच्या खाली नोंदी असतील तर शून्य. हा नियम ठळक अक्षरांत छापलेला होता.

डेलनीला सप्टेंबरात हा विषय मनापासून आवडला होता, हेच खरं दुखणं. तेव्हा आकाश मोकळं होतं. बापाची दुर्बीण घेऊन ती धक्क्यावर उताणी पडायची, आणि अर्ध्या चंद्राच्या कडेला उजेड आणि अंधार मिळतात तिथे डोंगरांची टोकं वेगळी चमकताना तिने पाहिली होती. ते पाहून ती आत पळत गेली आणि बापाला, वेनला, ओढून बाहेर घेऊन आली. वेनने दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाला, "खडबडीत आहे गं." एवढंच. पण तो स्वतःहून आणखी दोनदा बघायला आला.

वही सुरू झाली आठ ऑक्टोबरला. पाऊस सुरू झाला नऊला.

वही कमी होती म्हणून की काय, गृहपाठ कॉलेजच्या संगणकावर होता, आणि तो संगणक माणसाच्या वाईटावर टपलेला होता. गुरूचं अंतर काढायचं गणित डेलनीने तीनदा केलं. तीनदा उत्तर ५.२ आलं. तीनदा लाल फुली. चौथ्यांदा तिने ५.२० लिहिलं, तर बरोबर. तोवर चारपैकी तीन प्रयत्न वाया गेले म्हणून गुण पाव. तिने ते मिस्टर प्रुइटना दाखवलं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "म्हणजे, तुझंही बरोबर आहे आणि त्याचंही."

"मग गुण?"

"ते माझ्या हातात नाहीत गं. मी त्यांना मेल करतो."

मेल ते खरंच करायचे. उत्तर कधी यायचं नाही.

वर्गात चौदा जणं होती. डेलनीच्या शेजारी कॅसिडी ब्रॅडो बसायची. दोघी बालवाडीपासून एकत्र. कॅसिडीची आई बंदरावरच्या खानावळीत स्वयंपाक करायची, आणि कॅसिडीकडे प्रत्येक अडचणीला एक सोपी वाट असायची. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिने डेलनीची वही उघडून पाहिली.

"ढग, ढग, ढग, दाट ढग. हे काय आहे? हवामानखात्यात लागलीस का?"

"मग काय लिहू? दिसतच नाही तर."

कॅसिडीने फोन पुढे केला. त्यावर काळं आकाश होतं आणि त्यात चंद्र, शेजारी दिशा, शेजारी अंश. "तारीख टाक, वेळ टाक, झालं. दहाने भागलं की मुठी. सगळे हेच करतायत."

"स्वतःच्या डोळ्यांनी, असं लिहिलंय."

"अगं, चंद्र तिथेच असतो ना? ढगांच्या मागे काय सुट्टीवर जातो? तू बघितलास काय नि नाही बघितलास काय, त्याला फरक पडत नाही."

"मला पडतो."

"पडू दे मग," कॅसिडी म्हणाली आणि फोन खिशात टाकला. ती रागावली नव्हती. डेलनीची तिला सवय होती.

पंचवीस ऑक्टोबरला वादळ आलं. दुपारी तीनला शाळा सोडून दिली. चारला वीज गेली. पाच वाजता महामार्गावर एक देवदार आडवा पडला आणि गावाकडे येणारा एकुलता एक रस्ता बंद झाला. वेनने होडी दुहेरी दोरांनी बांधली, डेलनीने आईबरोबर खिडक्यांना आतून टॉवेल लावले, आणि सातच्या सुमाराला रबरी बूट चढवून ती धक्क्याकडे निघाली.

"कुठे?" आईने विचारलं.

"नोंद करायला."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"दारातूनच बघते."

दारातून तिला स्वतःच्या बुटांची टोकंही दिसली नाहीत. आत येऊन मेणबत्तीच्या उजेडात तिने लिहिलं, 'वादळ. काही नाही.' लिहिताना तिला इतकं हसू आलं की आईलाही आलं.

पाच आठवडे संपले तेव्हा वहीत सहा चंद्र होते. त्यातले दोन तर फुकटात मिळालेले, सकाळी शाळेच्या बसमधून, पश्चिमेला दिवसाउजेडी टांगलेला अर्धा चंद्र. एक, अभ्यास करता करता खिडकीतून, मोजून चार मिनिटं. बाकी एकोणतीस ओळी ढगांच्या. तिने वही तशीच दिली. पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवली, 'मी पस्तीसच्या पस्तीस दिवस पाहिलं. सहा वेळा दिसला.'

वही चार दिवसांत परत आली. कोपऱ्यात शून्य.

"मी काय करू, सांग," मिस्टर प्रुइट म्हणाले. वर्ग सुटला होता आणि ते फळा पुसत होते, तिच्याकडे न बघता. "गुणांचा तक्ता त्यांचा आहे. पंधराच्या खाली शून्य. मला मध्ये आकडाच घालता येत नाही, ती चौकटच उघडत नाही."

"बाकीच्यांना किती मिळाले?"

त्यांनी पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

"अकरा जणांना वीसपैकी वीस, मला माहितीये," डेलनी म्हणाली. "एकाच गावात राहतो आम्ही. त्यांच्या घरावर वेगळं आकाश आहे का?"

"डेलनी."

"मी नावं नाही घेत. मी फक्त विचारतेय."

"शुक्रवारी कॉलेजमधून डॉक्टर हॅलोरन येतायत, वर्ग बघायला. दर सत्रात एकदा येतात. त्यांना विचार. माझ्यापेक्षा तुलाच विचारता येईल." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "आणि सहा चंद्रांची चित्रं फार चांगली काढलीस. ते गुणांत येत नाही, पण काढलीस."

घरी जाताना डेलनीला त्या वाक्याचाच जास्त राग आला.

डॉक्टर हॅलोरन शुक्रवारी आल्या. साठीच्या, उंच, अंगात मासेमारांचा असतो तसला पिवळा रेनकोट, हातात चौदा वह्यांच्या छायाप्रतींचा गठ्ठा. दोन तास गाडी चालवून आल्या होत्या. कॉफी घेतली, मागच्या बाकावर बसल्या, मिस्टर प्रुइटनी घामाघूम होऊन शनीची कडी शिकवली. शेवटची पंधरा मिनिटं प्रुइटनी पाहुण्या बाईंच्या हवाली केली.

डॉक्टर हॅलोरन पुढे आल्या, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसला.

"पंचवीस ऑक्टोबर," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी सात. अकरा वह्यांत लिहिलंय, चंद्र आग्नेयेला, तीन मुठींवर, आकाश स्वच्छ. त्या संध्याकाळी माझ्या घरावरचं छप्पर अर्धं उडालं. मी इथून दोन तासांवर राहते. तुमच्याकडे स्वच्छ होतं?"

मागे कोणाचं तरी नाक वाजलं. डेलनीने मान खाली घातली, जणू पकडली गेली ती तीच. शेजारी कॅसिडी ताठ बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

"मी कोणाचं नाव घेणार नाही," डॉक्टर हॅलोरन म्हणाल्या. "काय करायचं ते विभाग ठरवेल. कोणाला काही विचारायचंय?"

डेलनीला विचारायचं नव्हतं. आत्ता तर मुळीच नव्हतं. पण हात वर गेला.

"तुम्ही स्वतः गेल्या महिन्यात चंद्र किती वेळा पाहिलात?"

वर्गात दोघं-तिघं हसली आणि लगेच गप्प झाली. मिस्टर प्रुइटनी डोळे मिटले.

डॉक्टर हॅलोरननी विचार केला. "दोनदा," त्या म्हणाल्या. "कदाचित एकदाच."

"मग वीस कुठून आले?"

"मी हा तक्ता चौदा वर्षांपूर्वी केला. तेव्हा मी वाळवंटात शिकवत होते." त्यांनी गठ्ठ्यातली एक छायाप्रत वर काढली. "तू निएमी का? ढगांवाली? तास संपला की थांब जरा."

तास संपल्यावर मुलं बाहेर पडली. कॅसिडी दारात क्षणभर थांबली, डॉक्टर हॅलोरनच्या टेबलाशी उभ्या असलेल्या डेलनीकडे तिने पाहिलं आणि निघून गेली.

बोलणं दहा मिनिटं झालं. डॉक्टर हॅलोरन म्हणाल्या, सत्राच्या मध्यात तक्ता बदलता येत नाही, ते कोणालाच येत नाही. पण वहीच्या बदल्यात एखादा दुसरा प्रयोग त्या मानू शकतात, तेवढा अधिकार त्यांना आहे. चंद्र न बघता चंद्राबद्दल काही मोजता येईल का?

"पाणी," डेलनी म्हणाली. तिचा बाप खाडीत कालवं पिकवायचा, ती त्या कालवांच्या शेतात वाढलेली मुलगी. हे सांगायला तिला विचार करावा लागला नाही. "उधाणाला पाणी सगळ्यांत वर चढतं आणि सगळ्यांत खाली उतरतं. ते कधी येतं त्यावरून पौर्णिमा काढता येईल."

"काढ मग. पण भरती-ओहोटीचा छापील तक्ता बघायचा नाही, कॅलेंडर बघायचं नाही. नुसतं मोजायचं, आणि पौर्णिमेची तारीख सांगायची. एका दिवसाच्या आत आलीस तर पूर्ण गुण."

त्या दिवशी डेलनी बसमध्ये चढली तेव्हा कॅसिडीच्या शेजारची जागा रिकामी होती. ती बसली तर कॅसिडीने दप्तर मांडीवर घेतलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

"मी काही सांगितलं नाही त्यांना," डेलनी म्हणाली.

"मी विचारलं का?"

"त्यांच्या छपरावरून त्यांना कळलं. माझ्यावरून नाही."

"हो ना. आणि तास संपल्यावर तुला कशाला थांबवलं, शाबासकी द्यायला?" कॅसिडी काचेशीच बोलत होती. "माझ्या आईला पत्र जाणार आहे, डेलनी. कॉलेजच्या शिक्क्याचं. तिला किती आनंद झाला होता, आपली मुलगी कॉलेजचा विषय करतेय म्हणून. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होती."

आपण काहीही केलेलं नसताना आपल्यालाच गुन्हेगार वाटावं, याचा डेलनीला संताप आला, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना.

तिने घरी जाऊन आधी फ्रिजवरचा भरती-ओहोटीचा तक्ता काढून उलटा लावला. मग स्वयंपाकघरातलं कॅलेंडर, ज्यात पौर्णिमेला गोल छापलेले असतात, तेही भिंतीकडे तोंड करून टांगलं.

वेन संध्याकाळी ओले मोजे हातात घेऊन स्वयंपाकघरात आला आणि फ्रिजपुढे उभा राहिला.

"हे कोणी केलं?"

"मी. पंधरा दिवस उलटंच राहू दे. माझा प्रयोग आहे."

"आणि मी खाजणात कालवं काढायला कधी उतरू? तुझ्या चंद्राला फोन करून विचारू?"

"गोदामात दुसरा तक्ता आहे ना."

"ते गोदाम दोनशे पावलांवर आहे, बाई. पावसात." पण त्याने तक्ता सुलटा केला नाही. पुढचे पंधरा दिवस तो रोज दोनशे पावलं चालून गोदामातला तक्ता बघून आला, आणि रोज आल्यावर तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "विज्ञानासाठी."

धक्क्याच्या शेवटच्या खांबावर डेलनीने एक फळी ठोकली, तिच्यावर रंगाने इंचाच्या खुणा केल्या. एकवीस नोव्हेंबरपासून रोज ओहोटीच्या वेळी ती तिथे जायची आणि पाणी कुठवर उतरतं ते लिहायची. दिवसाला पाऊण-एक तासाने ओहोटी पुढे सरकायची, तशी तिची जेवायची वेळही सरकायची. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी टर्की कापायच्या ऐन वेळी ती उठून गेली आणि आल्यावर तिच्या वाट्याला मान आली. पाऊस होताच. पण यावेळी पावसाचं तिला काही वाटत नव्हतं. ढगांना काय करायचं ते करू दे, पाणी उतरायचं ते उतरणारच होतं.

सव्वीसला चिखलातून जुन्या खांबांचे बुंधे वर आले. सत्तावीसला आणखी खाली. अठ्ठावीसला वाटलं होतं त्यापेक्षा पाणी कमी उतरलं. एकोणतीसला तर त्याहून कमी. तिला वाटलं, झालं, उधाण सरलं. पण तीस तारखेला पाणी धाडकन खाली गेलं, आतापर्यंतच्या सगळ्यांत खालच्या खुणेच्याही तीन इंच खाली. त्यानंतर ते रोज थोडं थोडं वरच राहू लागलं.

तिने आलेख काढला. रेघ खाली आली, मध्येच वर उडी मारली, पुन्हा खाली आपटली. पुस्तकात उधाण पौर्णिमेनंतर साधारण एका दिवसाने येतं असं होतं. सगळ्यांत खालचं पाणी तीसला, म्हणजे पौर्णिमा एकोणतीसला. तिने तसं लिहिलं, आठ पानं भरली, आणि चार डिसेंबरला फ्रिजवरचा तक्ता आणि भिंतीवरचं कॅलेंडर सुलटं केलं.

पौर्णिमा सत्तावीसला होती.

दोन दिवस चुकलं. एका दिवसाच्या आत हवं होतं. ती ती पानं घेऊन बराच वेळ स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. आईने वेलदोड्याचा पाव तिच्यापुढे ठेवला तर तिने तो बाजूला सारला. चंद्र बघायचा म्हटला तर ढग आले. ढग टाळून पाणी मोजलं तर पाण्यानेही दगा दिला.

तरी ती पानं तिने देणारच होती. सहा डिसेंबरला सकाळी ती मिस्टर प्रुइटच्या टेबलाशी गेली, तर त्यांनीच आधी हात वर केला.

"कॉलेजचा मेल आलाय," ते म्हणाले. "यावेळी आला." त्यांनी तो वाचून दाखवला. बऱ्याच शाळांत वहीत गडबड आढळली असल्याने या सत्रापुरती चंद्राची वही रद्द. सगळ्यांसाठी. तिचे गुण शेवटच्या परीक्षेत मिळवण्यात येतील. कोणाच्याही घरी पत्र जाणार नाही.

"आणि हे?" डेलनीने पानं पुढे केली.

"ते वहीच्या बदल्यात होतं ना." मिस्टर प्रुइटचा आवाज आणखी बारीक झाला. "वहीच नाही म्हटल्यावर याला जागा नाही गं. पण बघ, तुझं शून्य गेलं. तुझा फायदाच झाला."

"माझा फायदा झाला," डेलनी म्हणाली.

"तू चिडली असशील."

"नाही. मी खूश आहे. पस्तीस दिवस पावसात उभी राहिले, पंधरा दिवस चिखलात. आणि फोनवरून उतरवलं त्यांचं आणि माझं आता सारखंच. मी का चिडेन?"

ती पानं घेऊन परत गेली. पुढच्या तासाला तिला उशीर झाला, पण तिथे कोणी उशिराची चिठ्ठीसुद्धा मागितली नाही.

शेवटची परीक्षा आठ तारखेला झाली. कॅसिडी तिच्या पुढच्या बाकावर बसली होती. परीक्षेनंतर जिन्यात दोघी समोरासमोर आल्या.

"पत्र नाही आलं," कॅसिडी म्हणाली.

"माहितीये."

"म्हणजे तू सांगितलं नव्हतंस."

"सांगितलं असतं तरी आलं नसतं. सगळंच पुसलं त्यांनी."

कॅसिडीने कठड्यावरचा रंग नखाने खरवडला. "तुझं ते पाण्याचं?"

"तेही पुसलं."

"च्यायला," कॅसिडी म्हणाली. मग म्हणाली, "संध्याकाळी खानावळीत येतेस? आई विचारत होती, तू का येत नाहीस."

"आज नको," डेलनी म्हणाली. तिला जायचं होतं. पण सगळं आपोआप नीट झाल्यासारखं बसून तळलेले बटाटे खायची त्या दिवशी तिची तयारी नव्हती. ती पुढच्या आठवड्यात गेली.

निकाल डिसेंबरच्या मध्याला आला. चारपैकी ३.१. कॅसिडीला ३.४. पाच क्रेडिट दोघींना मिळाली.

त्या रविवारी वेनला चहाच्या टेबलावर ती आठ पानं सापडली. टाकायच्या कागदांच्या गठ्ठ्यात डेलनीने ठेवली होती. त्याने चष्मा लावला आणि वाचायला लागला. तो हळू वाचायचा, बोट ओळीखालून सरकवत. डेलनी भांडी विसळत होती. तिने एकदा मागे वळून पाहिलं, पुन्हा नळाकडे वळली.

"अठ्ठावीस आणि एकोणतीसला वारा कुठला होता?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत. वारा मोजायचा नव्हता."

"दक्षिणेचा होता. जोराचा. मला आठवतंय, माझी शिडी उडाली." त्याने कानामागची पेन्सिल काढली. "दक्षिणेचा वारा सुटला की समुद्राचं पाणी खाडीत कोंडतो. फूटभर तरी मागे राहतं. आम्ही तसल्या दिवशी खालच्या वाफ्यांत जातच नाही, छापील तक्त्यात काहीही असो. तीसला वारा पडला म्हणून पाणी एकदम गेलं."

डेलनीने हात न पुसताच पान ओढून घेतलं. दोन बिंदू फूटभर खाली आणले. रेघ सरळ खाली आली, अठ्ठावीसला तळाला टेकली आणि वर वळली. अठ्ठावीसला उधाण, म्हणजे पौर्णिमा सत्तावीसच्या आसपास.

"हे तुला माहीत होतं?" ती म्हणाली.

"खाडीत सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस, बाबा?"

"तू विचारलंस का? तू मला फ्रिजसुद्धा बघू देत नव्हतीस." तो खरंच बुचकळ्यात पडला होता. "मला वाटलं, कुणाला काही विचारायचंच नाही असा नियम आहे."

ती इतकी वैतागली की तिला रडू आलं. वेनने पानावर पडलेलं पाणी शर्टाच्या बाहीने टिपलं आणि पेन्सिलीने समासात लिहिलं, 'वारा दक्षिण, २८-२९.' त्याचं अक्षर शाळकरी मुलासारखं गोल होतं.

जानेवारीत डेलनीने ती पानं नव्याने लिहिली आणि डॉक्टर हॅलोरनना पाठवली. गुणांचं काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की तुम्ही मोजायला सांगितलं होतं, मी मोजलं, मधली दुरुस्ती माझ्या वडिलांची, वेन निएमी यांची. लगेच उत्तर आलं, ते यंत्राचं होतं. डॉक्टर हॅलोरन सत्र सुरू होईपर्यंत रजेवर आहेत. मग तीन आठवडे काहीच नाही. डेलनीने ती गोष्ट सोडून दिली, निदान कॅसिडीला तसं सांगितलं.

फेब्रुवारीत एका दुपारी शाळेच्या वाचनालयात बसलेली असताना खरं उत्तर आलं. चार ओळींचं. उशीर झाला, माफ कर. अठ्ठावीस आणि एकोणतीसच्या ओहोटीचे आकडे मी माझ्या वर्गाला दाखवले, वडिलांचं, वेयन निएमी असं, नाव घेऊन, चालेल ना? वाऱ्याचं पटलं, पण हवेचा दाब कमी असला तरीही पाणी चढतं. त्या दोन दिवशी दाब किती होता, तुझ्याकडे बॅरोमीटर होता का?

डेलनीने ते दोनदा वाचलं. पंधरा दिवस चिखलात उभी राहून काय मिळालं, तर आणखी एक प्रश्न. शेजारच्या कॅसिडीने मान लांब करून पडद्यावर नजर टाकली.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, अजून एक गोष्ट मोजायची राहिली."

"संपला ना विषय? क्रेडिट मिळाली, गुण मिळाले. सोड की आता."

"सोडलंच आहे," डेलनी म्हणाली, आणि उत्तर लिहायला बसली. 'बॅरोमीटर नव्हता. वडिलांचं नाव चालेल, पण ते वेन असं लिहा, वेयन नाही.' मग तिने लिहिलं की बंदराच्या कचेरीत एक जुना आहे, त्याची नोंदवही कोणी ठेवतं का, ते उद्या विचारून सांगते.